तत्त्वज्ञान विषयातील ऑनर्सचे वर्ष : स्वरूप आणि पूर्वतयारी

प्रास्ताविक

तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम संपत आला की आपल्यापैकी काहींसमोर एक प्रश्न उभा राहतो. पदवी घेऊन येथेच थांबावे, की चौथे वर्ष घेऊन ऑनर्स पदवी मिळवावी? तत्त्वज्ञान हा मुख्य विषय असलेल्यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच अवघड होतो, कारण या विषयाचा नोकरीशी थेट संबंध दाखवता येत नाही. प्रस्तुत लेखक भाषाविज्ञानाचा अध्यापक आहे, तत्त्वज्ञानाचा नव्हे, हे आरंभीच सांगितलेले बरे. मात्र अर्थ, वाक्य, शब्दाचे सामर्थ्य या प्रश्नांपाशी दोन्ही विषयांच्या सीमा एकमेकींत मिसळतात आणि त्या निमित्ताने तत्त्वज्ञानाचे काही विद्यार्थी माझ्याकडे येत राहिले.

त्यांपैकी एका विद्यार्थिनीचे उदाहरण या लेखात पुन्हा पुन्हा येईल. चाळिशीच्या या बाई एका पतसंस्थेत लेखनिक आहेत. रविवारच्या संपर्कसत्रानंतर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “सर, घरी सगळे विचारतात, चौथे वर्ष करून पगार वाढणार आहे का? मी काय सांगू?” मी म्हटले, “वाढणार नाही, असे सांगा. खोटे सांगून सुरुवात करू नका.” त्या हसल्या, पण त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी दिले नव्हते, हे त्यांच्याही लक्षात आले होते आणि माझ्याही.

‘ऑनर्स’ म्हणजे काय?

हा शब्द सर्वत्र एकाच अर्थाने वापरला जात नाही आणि त्यामुळे बराच गोंधळ होतो. ब्रिटनमधील विद्यापीठांत तो पदवीच्या दर्जाचा निदर्शक आहे. ऑस्ट्रेलियात तीन वर्षांच्या सामान्य पदवीनंतर घ्यावयाच्या स्वतंत्र चौथ्या वर्षाला ‘ऑनर्सचे वर्ष’ म्हणतात. त्या वर्षात विद्यार्थी काही प्रगत अभ्यासपत्रे पूर्ण करतो आणि एक प्रबंधिका लिहितो. संशोधनाकडे जाणारी वाट बहुधा तेथूनच सुरू होते. आपल्याकडे दिल्ली किंवा कोलकाता येथील ‘बी.ए. ऑनर्स’ ही दीर्घकाळ तीन वर्षांचीच पदवी होती. एका विषयाचा सखोल अभ्यास एवढाच तिचा अर्थ. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर जी रचना आली, ती यांपैकी ऑस्ट्रेलियातील पद्धतीच्या अधिक जवळची आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० श्रेयांक आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीसाठी किमान १६० श्रेयांक लागतात. चौथ्या वर्षाचे दोन प्रकार आहेत. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणारा विद्यार्थी ‘संशोधनासह ऑनर्स’ निवडू शकतो. त्याला १२ श्रेयांकांचा शोधप्रकल्प करावा लागतो. इतरांनी प्रकल्पाऐवजी तेवढ्याच श्रेयांकांची अभ्यासपत्रे घ्यावयाची असतात. चार वर्षांच्या पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात पूर्ण करता येते. तसेच आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीनुसार चार वर्षांच्या पदवीत एकूण ७५ टक्के गुण असणारा विद्यार्थी थेट पीएच.डी. प्रवेशप्रक्रियेसाठी पात्र ठरतो. प्रत्येक विद्यापीठाचे तपशील वेगळे असतात. तेव्हा आपल्या विद्यापीठाची माहितीपुस्तिका हाच अंतिम आधार मानावा.

नोकरी आणि संसार सांभाळणाऱ्यांसाठी याहून महत्त्वाचा आकडा दुसराच आहे. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाचे ४० श्रेयांक म्हणजे अध्ययनाचे १,२०० तास धरले आहेत. वर्षाच्या ५२ आठवड्यांत ते विभागले तर आठवड्याला सुमारे २३ तास होतात. दिवाळी, लग्नसराई, मुलांच्या परीक्षा आणि आजारपणे यांचे आठवडे वजा केले तर उरलेल्या आठवड्यांवरचा भार आणखी वाढतो. पतसंस्थेतील त्या बाईंनी हा हिशेब माझ्यासमोरच कागदावर मांडला. मार्चअखेरच्या कामाचा महिना त्यांनी पूर्ण खोडून टाकला आणि मग म्हणाल्या, “जमेल, पण टीव्ही आणि दुपारची झोप, दोन्ही जातील.” हा हिशेब प्रत्येकाने प्रवेशापूर्वी करावा आणि तो घरातल्या माणसांसमोर बसून करावा. हे वर्ष एकट्याचे नसते.

विषय आणि प्रश्न

ऑनर्सच्या वर्षाचा गाभा म्हणजे शोधप्रकल्प, आणि शोधप्रकल्पातील पहिली अडचण ही की विद्यार्थी विषय घेऊन येतात, प्रश्न घेऊन येत नाहीत. ‘गीतेतील कर्मयोग’, ‘बुद्धाचे नीतिशास्त्र’, ‘संतांचा मानवतावाद’ ही सर्व विषयांची नावे आहेत. त्यांवर माहिती गोळा करता येते, पाने भरता येतात. पण शेवटी ‘मग काय?’ असे विचारले तर उत्तर नसते. यात विद्यार्थ्यांचा दोष कमी आहे. मी स्वतः पीएच.डी.साठी प्रथम जो विषय घेतला होता, त्याच्या शीर्षकात दोन भाषा, तीन शतके आणि ‘सर्वांगीण’ हा शब्द होता. पहिले वर्ष टिपणांच्या ढिगात गेले. त्या ढिगातून एकच प्रश्न निवडला, तेव्हा काम सुरू झाले.

पतसंस्थेतील बाईंचा पहिला विषय होता ‘महाभारतातील नीतिविचार’. मी विचारले, महाभारतात तुम्हांला न पटलेले, मनात अडकून राहिलेले काय आहे? त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “भीष्म. त्यांनी नंतर तरी प्रतिज्ञा सोडायला हवी होती.” प्रश्न सापडण्याची जागा ही. जेथे आपले एखाद्याशी जमत नाही, तेथे प्रश्न असतो.

मग आम्ही कथा नीट पाहिली. सत्यवतीचा विवाह शंतनूशी व्हावा म्हणून तिच्या पित्याने, दाशराजाने, तिच्या पुत्रालाच राज्य मिळावे अशी अट घातली. देवव्रताने राज्यावरील हक्क सोडला. त्याच्या मुलांनी पुढे हक्क सांगितला तर, ही शंका दाशराजाने व्यक्त करताच त्याने आजन्म ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा केली. पुढे सत्यवतीचे दोन्ही पुत्र, चित्रांगद आणि विचित्रवीर्य, निपुत्रिक मरण पावले. तेव्हा स्वतः सत्यवतीनेच भीष्माला वंश पुढे चालवण्याची विनंती केली. भीष्माने नकार दिला.

आता प्रश्न असा मांडता येतो. ज्या व्यक्तीच्या हितासाठी वचन दिले, तीच व्यक्ती ‘आता ते पाळू नकोस’ असे म्हणत असेल, तर बंधन उरते का? उसने घेतलेले पैसे परत करण्याचे मी वचन दिले आणि देणाऱ्याने ‘राहू दे’ म्हटले, तर मी मोकळा होतो. वचनाला घेणारा असतो आणि सोडण्याचा अधिकार त्या घेणाऱ्याकडे असतो. पण भीष्माने जे केले त्याला आपण ‘भीष्मवचन’ म्हणत नाही, ‘भीष्मप्रतिज्ञा’ म्हणतो. प्रतिज्ञेला घेणारा असतो का? नसेल, तर तिच्यातून सोडवणार कोण? आणि असेल, तर तो कोण: मागणी करणारा दाशराजा, लाभार्थी सत्यवती, की जे राज्य करावयाचे होते ते तिचे पुत्र, जे आता हयात नाहीत?

‘महाभारतातील नीतिविचार’ हा विषय अशा रीतीने एका वाक्यावर आला: ‘लाभार्थ्याने मुक्त केल्यानंतर प्रतिज्ञेचे बंधन उरते का?’ या वाक्याला ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देता येते, दोन्ही उत्तरांसाठी कारणे देता येतात, आणि १२ श्रेयांकांत ते काम पूर्ण होऊ शकते. चांगल्या प्रश्नाची याहून वेगळी लक्षणे मला ठाऊक नाहीत.

वाचनाची पद्धत

तीन वर्षांत आपण तत्त्वज्ञांची मते वाचली; परीक्षेत ती लिहिली. ऑनर्सच्या वर्षात मत पुरेसे नाही, त्या मतापर्यंत लेखक कोणत्या वाटेने पोचला हे दाखवावे लागते. या वाचनाला वेळ लागतो. दहा पानांना एक आख्खा रविवार लागला तर तो वाया गेला असे मानू नये.

डेव्हिड ह्यूमचे उदाहरण घेऊ. ‘मानवी स्वभावावरील प्रबंध’ या त्याच्या ग्रंथाचे तिसरे पुस्तक १७४० साली प्रसिद्ध झाले. त्यात वचनाच्या बंधनावर एक छोटे प्रकरण आहे. ‘ह्यूमच्या मते वचन ही मानवनिर्मित रूढी आहे’ एवढे टिपण सहसा विद्यार्थी काढतात. ते चुकीचे नाही. पण त्यात विचार नाही. ह्यूमची वाट अशी आहे. वचन देताना मनात नेमके काय घडते? एखादी गोष्ट करण्याचा निश्चय? पण नुसत्या निश्चयाने मी कोणाला बांधील होत नाही. उद्या पहाटे उठण्याचा माझा निश्चय मी मोडला तर कोणाचा अपराध होत नाही. मग इच्छा? तीही बांधत नाही. मग ‘मी बांधील व्हावे’ असा संकल्प? पण केवळ संकल्पाने नवे कर्तव्य कसे निर्माण होईल? वस्तूंचे परस्परसंबंध जसेच्या तसे आहेत, माणसांच्या भावना तशाच आहेत. मी मनात काही ठरवल्याने कर्तव्य शून्यातून उगवत नाही. म्हणून वचनाचे बंधन मनात सापडत नाही, ते माणसांच्या परस्पर व्यवहारात शोधावे लागते.

येथे ह्यूम दोन शेतकऱ्यांचे उदाहरण देतो. एकाचे पीक आज तयार आहे, दुसऱ्याचे उद्या होईल. आज मी तुला मदत करावी आणि उद्या तू मला, यात दोघांचेही हित आहे. पण परस्परांवर विश्वास नाही, म्हणून दोघेही एकेकटे राबतात आणि दोघांचेही पीक हातचे जाते. वचनाची रूढी ही कोंडी फोडते.

हे उदाहरण वाचताच बाई म्हणाल्या, “आमच्याकडे याला सावड म्हणतात.” मला हा अभ्यासाच्या वर्षातील सर्वांत महत्त्वाचा क्षण वाटला. कारण पाठोपाठ त्यांनी विचारले, “पण सावडीत कोणी वचन देत नाही, सर. आज त्यांची माणसे आपल्या शेतात आली, की उद्या आपण जायचेच. न बोलता.” म्हणजे बंधन आहे, पण शब्द नाही. मग ह्यूमला वचनाची गरज का पडली? जेथे माणसे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहतात तेथे सावड पुरते आणि जेथे अनोळखी माणसांशी व्यवहार करावा लागतो तेथे शब्द लागतो, असे उत्तर असू शकेल. ह्यूम स्वतः या दिशेने काही सांगतो का, हे त्याच्या पानांत शोधावे लागेल. ग्रंथाला स्वतःच्या अनुभवातून असा प्रतिप्रश्न करणे आणि मग उत्तरासाठी पुन्हा ग्रंथाकडे जाणे, या येण्याजाण्यालाच तत्त्वज्ञानातील वाचन म्हणतात. वीस वर्षांच्या विद्यार्थ्यापेक्षा चाळीस वर्षांच्या विद्यार्थ्याजवळ यासाठी लागणारी शिदोरी अधिक असते. फक्त ती अभ्यासात वापरायची असते हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

आपल्या भाषेचे साहाय्य

मराठीतून तत्त्वज्ञान करणाऱ्याला दोन प्रकारचे न्यूनगंड असतात. एक, मूळ ग्रंथ इंग्रजीत आहेत. दोन, पारिभाषिक शब्द अपुरे आहेत. पहिली अडचण खरी आहे आणि तिच्यावर शब्दकोश हाताशी घेऊन हळूहळू वाचणे यापलीकडे उपाय नाही. दुसरी अडचण वाटते तेवढी मोठी नाही. दे. द. वाडेकर यांनी संपादित केलेला तीन खंडांचा ‘मराठी तत्त्वज्ञान-महाकोश’ १९७४ मध्ये पुण्याहून प्रसिद्ध झाला, मराठी विश्वकोशातील तत्त्वज्ञानविषयक नोंदींचा दर्जा उत्तम आहे, मे. पुं. रेगे यांचे लेखन वाचले तर अवघड युक्तिवाद मराठीत किती स्वच्छ मांडता येतो हे कळते. मात्र ‘बंधन’, ‘कर्तव्य’, ‘दायित्व’ हे शब्द आलटून पालटून वापरू नयेत. ललित लेखनात पुनरुक्ती टाळणे हा गुण असेल. येथे शब्द बदलला की अर्थ बदलला असे परीक्षक समजतो.

याहून महत्त्वाची बाब अशी की आपली भाषा स्वतःच एक पुरावा असते. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेली व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर १९६२ मध्ये ग्रंथरूपाने आली. काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत, ती उच्चारणे हीच एक कृती असते, हा त्यांचा मुद्दा आता सर्वपरिचित आहे. ‘मी वचन देतो’ असे म्हणणे म्हणजेच वचन देणे. ऑस्टिन यांनी हे इंग्रजी क्रियापदांच्या बारकाईच्या निरीक्षणातून मांडले. मग मराठी क्रियापदांचे तसेच निरीक्षण आपण का करू नये?

शब्द ‘देतात’ आणि ‘पाळतात’. नवस ‘बोलतात’ आणि ‘फेडतात’, जणू ते कर्ज आहे. शपथ ‘घेतात’, परंतु मराठीत शपथ ‘घालता’ही येते. ‘तुला माझ्या गळ्याची शपथ आहे, हे कोणाला सांगू नकोस.’ येथे काय घडले ते पाहा. वचनात बोलणारा स्वतःला बांधून घेतो. येथे बोलणाऱ्याने ऐकणाऱ्याला बांधले, तेही त्याची संमती न विचारता. आणि ऐकणाऱ्याला खरोखरच बांधल्यासारखे वाटते. म्हणूनच तो काकुळतीला येऊन म्हणतो, ‘आधी शपथ सुटली म्हण!’ सोडवण्याचा अधिकार घालणाऱ्याकडेच राहतो. बंधन स्वतःच्या संकल्पातून निर्माण होते असे मानणाऱ्या सिद्धान्ताला या एका मराठी प्रयोगाचा खुलासा करावा लागेल. कदाचित त्याचे उत्तर असेल की हे खरे बंधन नव्हे, प्रेमाचा धाक आहे. तसे असेल, पण ते सिद्ध करावे लागेल. भाषाविज्ञानाचा माणूस या प्रश्नात थोडा अधिक रमला आहे, हे मान्य करून पुढे जाऊ.

लेखन

प्रकल्पाचे लेखन कसे करावे यासाठी आपल्याच शास्त्रपरंपरेत उत्तम नमुना आहे: पूर्वपक्ष आणि सिद्धान्त. आधी विरोधकाचे म्हणणे मांडायचे, मग त्याचे खंडन करून आपले म्हणणे स्थापित करायचे. अट एकच. पूर्वपक्ष इतका प्रामाणिकपणे लिहावा की विरोधकाने तो वाचून ‘हेच मला म्हणायचे होते’ असे म्हणावे. दुबळा पूर्वपक्ष उभा करून तो पाडणे सोपे असते आणि परीक्षकाला ते पहिल्या पानावरच दिसते.

बाईंचे पहिले मत होते की भीष्माने प्रतिज्ञा सोडायला हवी होती. मी त्यांना भीष्माच्या बाजूने पाच पाने लिहावयास सांगितली. त्या थोड्या नाराज झाल्या. तीन आठवड्यांनी जे लिखाण आले त्यात एक मुद्दा मला अनपेक्षित होता. दाशराजाला भीष्माच्या शब्दावर विश्वास ठेवता आला, तो नेमका यासाठी की भीष्म सोयीनुसार शब्द फिरवणारा नव्हता. पुढे परिस्थिती बदलेल तेव्हा तो प्रतिज्ञा सोडेल असे दाशराजाला वाटले असते, तर त्या प्रतिज्ञेला पहिल्या दिवशीही किंमत उरली नसती. ‘पतसंस्थेत तारण कशासाठी घेतात, ते मला माहीत आहे,’ असे त्यांनी समासात पेन्सिलीने लिहिले होते. ते वाक्य मी मुख्य मजकुरात घ्यायला सांगितले.

त्यांचे मत यामुळे बदलले का? पूर्ण नाही. आता त्यांचे म्हणणे असे आहे की प्रतिज्ञा अटळ असणे आणि ती पाळणे योग्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भीष्माची गोष्ट या दोहोंमधल्या फटीत घडते. हे म्हणणे टिकेल की नाही ते मौखिक परीक्षेत ठरेल. मला स्वतःला ते अजून पुरते पटलेले नाही आणि तसे मी त्यांना सांगितले आहे. घरी काय सांगायचे हा प्रश्न मात्र त्यांनी पुन्हा विचारला नाही. उलट रात्री जेवताना भीष्मावरून वाद होतो आणि सासूबाई भीष्माच्या बाजूने असतात, असे कळले.

दूरस्थ विद्यार्थ्यासाठी एक व्यावहारिक सूचना. मार्गदर्शकाची भेट महिन्यातून एखाद्या वेळीच होते, म्हणून भेटीला रिकाम्या हाताने जाऊ नये. ‘वाचन चालू आहे’ या वाक्यावर कोणताही मार्गदर्शक काही बोलू शकत नाही. चुकीच्या दोन पानांवर मात्र तो तासभर बोलू शकतो. दर आठवड्याला एक पान, हाताने किंवा मोबाइलवर, कसेही लिहावे. दुसऱ्याचे वाक्य उतरवले असेल तर तेथेच ग्रंथाचे नाव आणि पृष्ठक्रमांक नोंदवावा. सहा महिन्यांनंतर आपले वाक्य कोणते आणि उतरवलेले कोणते, हे आपल्यालाही ओळखता येत नाही आणि नकळत वाङ्मयचौर्य घडते.

निर्णयापूर्वीचा स्वाध्याय

प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी पुढील काम सहा रविवारांत करून पाहावे. पहिल्या रविवारी, तीन वर्षांत वाचलेल्यांपैकी आपल्याला न पटलेले एक मत निवडावे आणि ते का पटले नाही हे एका पानात लिहावे. पुढील दोन रविवारी त्या तत्त्वज्ञाचे मूळ लेखन, भाषांतरातून चालेल, पण टिपणांतून नव्हे, दहा पाने वाचावे. चौथ्या रविवारी त्याच्या बाजूने दोन पाने लिहावीत. पाचव्या रविवारी आपले पहिले पान पुन्हा काढून दुरुस्त करावे. सहाव्या रविवारी ही सर्व पाने घरातील किंवा कामाच्या ठिकाणच्या एखाद्या अशा व्यक्तीला वाचून दाखवावीत, जिला तत्त्वज्ञानाशी काही देणेघेणे नाही, आणि तिने घेतलेली पहिली शंका पानाच्या शेवटी तिच्याच शब्दांत लिहून ठेवावी. ही पाने घेऊन अभ्यासकेंद्रावर या.